लाईट उनी

मळा, चोपडा तालुका
१४ जून २०२४

अक्का,

मायना गाळते आहे. ‘तीर्थरूप’ लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, चारूला आता आठवण झाली मोठ्या बहिणीची.

उद्यापासून सगळ्यांच्या शाळा सुरू होतील. भाविका घरीच राहणार आहे. आणि कुंदन यंदा पहिलीत जायचा होता, त्यालाही मी शाळेत घातलेलं नाही. म्हणजे आता दोघंही माझ्यापाशी शिकतील. हे दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच कळवते.

तू माझा फोन घेत नाहीस, हे सात महिन्यांत मला पुरेसं समजलं. पण परवा नशिराबादला लग्नात दाजी भेटले. शेजारी जेवायला बसले आणि ताटाकडे बघत म्हणाले, ती रोज विचारते भाविकाचं काय चाललंय म्हणून, आता मला काय माहीत असणार? तेव्हाच ठरवलं की पत्र टाकायचं. फोन कापता येतो, पत्र फार तर फाडता येतं.

तर भाविकाचं उत्तम चाललं आहे. भूषणने एका जुन्या दाराची फळी काळी रंगवून ओसरीवर फळा टांगून दिला. आठ ते एक शाळा. गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, आणि मराठी रोज. पाठ्यपुस्तकातल्या सगळ्या कविता तिला तोंडपाठ आहेत. निबंधही चांगले लिहिते. तू तिच्यासाठी काळजी करावीस असं काही नाही.

दिवाळीत मी तुझ्या दारात उभी राहून जे बोलले, त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. तुझ्या वर्गात जे झालं त्याबद्दलही नाही. तू बाई म्हणून वागलीस, मी आई म्हणून वागले, असं माझ्या सासूबाई म्हणतात. त्या आपल्या दोघींनाही खुळ्या म्हणतात, ते निराळं.

तुझी
चारू


मळा
२ ऑगस्ट २०२४

अक्का,

पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि हातातली कणीक तशीच घेऊन अंगणात पळाले. उघडलं तर आत माझंच पत्र. लाल पेनाने तपासलेलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या नऊ चुका, एक विरामचिन्ह. आणि ‘निबंधही चांगले लिहिते’ या वाक्याखाली रेघ मारून समासात एकच शब्द: ‘नमुना?’

मी पायरीवर बसून आधी हसले आणि मग मला रडू आलं. भूषणने पत्र हातातून घेतलं, खालीवर पाहिलं. म्हणाला, “नऊ चुका सापडल्या म्हणजे अक्कांनी दोनदा तरी वाचलं असणार.” मग पत्र परत देत म्हणाला, “नमुन्याचं काय करणार आहेस?”

नमुना नाही, अक्का. मी खोटं लिहिलं होतं. तुझ्याकडून आणल्यापासून भाविकाने एक ओळ लिहिलेली नाही. गणिताचे आकडे लिहिते, इंग्रजीचे शब्द बघून उतरवते. पण ‘तुझ्या मनाने लिही’ म्हटलं की पेन्सिल धरलेल्या हाताला घाम फुटतो. कागद ओला होतो. अंगठ्याखाली भोक पडतं, इतकं.

आणि मी काय केलं ते सांगते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी फळ्यावर विषय लिहिला, ‘शेतकऱ्याचे मनोगत’. मुद्दे दिले. पहिली ओळ दिली. शेतकऱ्याची मुलगी आहे, बाप बाहेर केळीला पाणी देतोय, हिला लिहायला काय जड जावं, असं मला वाटलं. ती दीड तास बसली. वहीत नुसती तारीख. भूषणने मला आधीच सांगून ठेवलं आहे की येत्या वर्षभरात पोरगी लिहिती झाली नाही, तर पुढच्या जूनमध्ये तिला चोपड्याच्या शाळेत घालायचं आणि माझं ऐकायचं नाही. ते डोक्यात होतं. मी वही ओढली आणि ते पान फाडलं. तिच्या तोंडासमोर.

ती रडली नाही. म्हणाली, “आई, तू मावशीसारखी वागतेस.”

त्या दिवशी मी फळा पुसून भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. आणि संध्याकाळी, मी काही न विचारता, तिने मला तुझ्या वर्गातली गोष्ट सांगितली. इतके महिने मला एवढंच माहीत होतं की वर्ग तिला हसला. का हसला ते ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं ते असं. चौथीच्या वर्गात तू ‘सकाळ’ हा निबंध सांगितलास. सकाळी कोंबडा आरवतो, पक्षी किलबिलाट करतात, पूर्वेला लाली पसरते. सगळ्यांनी तो लिहिला. हिने लिहिलं की आमच्याकडे कोंबडा नाही. आमच्याकडे विहिरीवरची मोटर चालू होते, मग लाईट आली म्हणून आजी ओट्यावरून ओरडते, ‘लाईट उनी, लाईट उनी,’ आणि मग सकाळ होते. ते तू वर्गात मोठ्याने वाचून दाखवलंस. निबंधात घरची बोली आणली की काय होतं हे मुलांना कळावं म्हणून. ‘लाईट उनी’ तू दोनदा वाचलंस. पुढे महिनाभर मधल्या सुट्टीत पोरं तिला तशीच हाक मारत होती. शाळेसाठी ती राहायला तुझ्याच घरी होती, म्हणून घरीही कोणाला सांगता येईना.

तुझी बाजू मला माहीत नाही. मी तिची लिहिली. पण पान फाडताना माझाही हात तुझ्यासारखाच चालला, हे मी कबूल करते. धुळ्याच्या घरी तूच मला पाटीवर हात धरून शिकवलंस. आई गेल्यावर दुसरं होतं कोण? हात तोच यायचा.

नमुना मागितलास, हा घे. माझा आहे. यातल्या चुकाही तपास.

चारू


मळा
२१ ऑक्टोबर २०२४

अक्का,

तुझं उत्तर नाही. दोन पत्रं झाली. तरी लिहिते, कारण आता सांगण्यासारखं आहे.

फळा भिंतीकडे वळवल्यावर मराठीच्या तासाला काय करायचं हे मला कळेना. सासूबाईंना विचारलं. त्यांना ‘पुष्पाबाई’ एवढी सही करायला चार अक्षरं लागतात आणि ती त्या चार वेळा पेन टेकवून काढतात, हे तुला माहीत आहे. त्या म्हणाल्या, “पोरले आते लिखाले नको लावू. पहिले तिले बोलू दे.”

मग मी लिहिणं बंदच केलं. दोन महिने. नुसतं ऐकायचं आणि बोलायचं. जळगावच्या रद्दीवाल्याकडून भूषणने जुन्या पाठ्यपुस्तकांचा एक गठ्ठा आणला, आपल्या वेळचीही त्यात निघाली. रोज दुपारी जेवण झालं की निंबाखाली बाज टाकून मी एक कविता वाचते. अर्थ सांगत नाही. प्रश्न विचारत नाही. हे मला इतकं जड गेलं म्हणून सांगू, जीभ दाताखाली धरून बसायचे. मुलांना एकच मुभा दिली, आवडली नाही तर कविता नापास करायची, पण का ते सांगायचं. कुंदनने पहिल्याच आठवड्यात चार नापास केल्या. त्यातली एक, तिच्यात एकही जनावर नाही म्हणून. भाविका काही बोलायची नाही. पण एके दिवशी एक कविता वाचून झाली आणि ती म्हणाली, “परत वाच. हळू वाच. तू मधल्या ओळीत घाई केलीस.” मी परत वाचली. तिने डोळे मिटले होते.

संध्याकाळी स्वयंपाक होईतो सासूबाई चुलीपाशी मुलांना कोडी घालतात. त्यांच्या बोलीत, जुनी, त्यांच्या आईकडून आलेली. ती कोडी संपत आली तेव्हा कुंदन हट्टाला पेटला की नवीन पाहिजे. सासूबाई म्हणाल्या, नवीन कुठून आणू, तूच कर. त्याने काहीतरी केलं, सगळे हसले. मग भाविका तवा पुसत होती, ती तवा पुसता पुसता, कोणाकडे न बघता म्हणाली:

पानी पेस दिनभर, तरी तिस नही भागस,
लाईट गई का निजस, लाईट उनी का जागस.

कुंदन ओरडला, मोटर, मोटर. सासूबाईंनी हातातली भाकरी परातीत ठेवली आणि भाविकाच्या गालावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली. मला वाटलं, बोलले तर ते मोडेल. अक्का, तेच दोन शब्द. ज्या दोन शब्दांसाठी तिने वर्षभर तोंड मिटलं, तेच तिच्या तोंडून आले, आणि ताल धरून आले.

मी हळूच उठून किराण्याच्या कागदाच्या मागे ते दोन्ही चरण उतरवले. भाविकाने पाहिलं. विचारलं, कशाला लिहितेस? मी म्हटलं, उद्या मी विसरेन म्हणून. ती विचार करून म्हणाली, “मग नीट लिही. ‘पाणी’ नको, ‘पानी’ लिही. आजी पानी म्हणते.”

तिने माझं शुद्धलेखन तपासलं, अक्का.

तेव्हापासून आमचं असं ठरलं आहे की ती सांगते आणि मी लिहिते. एक वेगळी वही केली. ती सांगेल तस्सं उतरवायचं, एक काना इकडचा तिकडे नाही. संध्याकाळी ते मी भूषणसमोर वाचून दाखवते. भूषण टाळ्या वाजवत नाही, छान म्हणत नाही. तो प्रश्न विचारतो. मोटर निजते तेव्हा घोरते का? आणि ती दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन येते.

तुझी तब्येत कशी आहे? दाजींची रात्रपाळी अजून आहे का?

चारू


मळा
९ डिसेंबर २०२४

अक्का,

आमच्याकडे केळीची कापणी चालू आहे. माल बाहेर काढताना मापाच्या पट्टीत न बसणारी, डागाळलेली केळी बाजूला टाकतात. कापणीवर तानुबाई म्हणून एक बाई येते, साठीची असेल. तिने परवा भाविकाला बाभळीचा काटा दिला आणि टाकलेल्या हिरव्या केळाच्या सालीवर ओरखडा काढून दाखवला. काढला तेव्हा काहीच दिसलं नाही. आम्ही पाणी पिऊन आलो तेवढ्यात ती रेघ तपकिरी झाली होती. चीक काळा पडतो ना, तसा. तानुबाई म्हणाली, “लिख बिनधास्त. आते कोनलेच दिसाव नही.”

भाविका दिवसभर त्या ढिगापाशी बसली. संध्याकाळी मी गेले तर पंधरा-वीस केळ्यांवर तिचं अक्षर उमटलेलं. एकेका केळावर एकेक शब्द, आणि ती केळी मांडून त्यांच्या ओळी केलेल्या. हात कोरडा होता. मी तिचा हात हातात घेऊन पाहिला म्हणून सांगते.

दुसऱ्या दिवशी तिने वही मागितली. म्हणाली, केळी तीन दिवसांत पिकतात, मला जास्त दिवस टिकणारं पाहिजे. आता ती स्वतः लिहिते, अक्का. मला दाखवते कधी, कधी नाही. नाही दाखवलं तर मी विचारत नाही.

तू नमुना मागितला होतास. हा तिने मला पाठवायची परवानगी दिलेला. मी एक अक्षर बदललं नाही.

‘मावशीच्या घरातून दोन मोठ्या चिमण्या दिसतात. त्या धूर सोडतात. मी आधी समजायची की ढग तिथेच बनतात. मावशी संध्याकाळी माझी वेणी घालायची. वेणी घालताना ती बोलत नाही. तेव्हा ती फार चांगली असते. तिचे हात सांगतात डोकं सरळ ठेव. मला तिची आठवण वेणी घालताना येते. आई लवकर लवकर घालते.’

हे वाचून मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. कारण वर्षभर मी स्वतःला सांगत होते की पोरीला तुझ्या तावडीतून सोडवून आणलं.

आता दिवाळीचं लिहिते. पहिल्या पत्रात टाळलं, दुसऱ्यातही टाळलं. मी तुझ्या दारात म्हणाले, तू शिकवत नाहीस, पोरांच्या जिभा छाटतेस. ते रागात म्हणाले, त्याची मला फारशी लाज नाही. पण मग तू म्हणालीस, मी तिला पोटच्या मुलीसारखं ठेवलं. आणि मी म्हणाले, “पोटचं असतं तर कळलं असतं तुला.”

दाजी मागे उभे होते. शेजारच्या क्वार्टरचं दार उघडं होतं. तू दवाखान्याच्या किती पायऱ्या झिजवल्यास हे ज्या एका माणसाला माहीत होतं, ती मी. तुझ्यासोबत मीच यायचे. आणि मीच ते सगळ्यांत आधी उचलून मारलं.

मला याचं काय करायचं ते कळत नाही. माफी माग असं कोणी सांगितलं तर मागेन, पण ‘माफ कर’ लिहून हे पुसलं जाणार नाही. म्हणून फक्त लिहून ठेवते की मी ते बोलले, ते खोटं होतं, आणि तुझ्या हातची वेणी मी पण सोळा वर्षांची होईपर्यंत घालून घेतली आहे.

चारू


दीपनगर
६ जानेवारी २०२५

चि. चारू,

तुझी सगळी पत्रं मिळाली. मला तुझ्यासारखं लांबण लावता येत नाही. निबंध शिकवते, पण पत्र लिहायला बसले की मुद्दे सुचत नाहीत.

तू बोललीस ते लागलं. अजून लागतं. तू लिहिलंस म्हणून कमी झालं असं म्हणणार नाही. पण तू ते स्वतःच्या हाताने लिहून पाठवलंस, म्हणून आता ते माझ्या एकटीकडे नाही.

भाविकाचा मजकूर मी यांना वाचून दाखवला. हे बाहेर जाऊन वीज केंद्राच्या चिमण्यांकडे बघत उभे राहिले.

त्या दिवशी मी तो निबंध कशासाठी वाचला, हे मला वाटायचं मला माहीत आहे. मी बोलीतून आले. धुळ्याला पहिल्या वर्षी मी ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हटलं म्हणून बाईंनी मला बाकावर उभं केलं होतं. माझ्या मुलांवर ती वेळ येऊ नये म्हणून मी तीस वर्षं त्यांची भाषा घासते आहे. असं मी स्वतःला सांगत आले.

संक्रांत झाल्यावरच्या रविवारी येते. सकाळच्या बसने. भाविकाला विचार, आलेलं चालेल का. नाही म्हणाली तर कळव.

कोकिळा


मळा
२७ जानेवारी २०२५

अक्का,

तू येऊन गेलीस त्याला आठ दिवस झाले. घरात अजून तुझ्या तिळगुळाचा डबा आहे, आणि कुंदन रोज विचारतो की मावशी नापास झाली का पास. त्याच्या हिशेबाने तू पास आहेस, कारण तू त्याची म्हशीवरची कविता पूर्ण ऐकलीस आणि ‘पुढे काय झालं’ असं विचारलंस.

भाविकाचं मात्र मला तुला सांगायचं आहे. सांगू की नको यात आठ दिवस गेले.

तुझ्या येण्याला तिने हो म्हटलं होतं, तरी तू आलीस तेव्हा ती केळीत जाऊन बसली. दुपारपर्यंत आली नाही. तू तिला हाक मारू दिली नाहीस, ते बरं केलंस. जेवणं झाल्यावर ती आली आणि तुझ्यासमोर पाठ करून बसली, हातात फणी. तू वेणी घातलीस. मी स्वयंपाकघरातून पाहत होते, तुम्ही दोघी बोलत नव्हता. वेणी झाल्यावर तू तिला जे म्हणालीस ते मला ऐकू आलं. तू म्हणालीस, “बाळा, माझं चुकलं. तुझा निबंध चांगला होता.” इतकं सरळ तुझ्या तोंडून मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आणि ती काहीच बोलली नाही. उठून गेली. तुझा चेहरा मला अजून दिसतो.

बस गेल्यावर मी तिला रागावले. अक्का, मी तिला म्हटलं, मावशी एवढी मोठी बाई, इतक्या लांबून आली, तुझ्यासमोर चूक कबूल केली, तुला एक शब्द बोलता आला नाही? ती वेणीचं टोक चावत बसली. मग म्हणाली:

“ती मला एकटीला म्हणाली. हसले तर सगळे होते.”

भूषण शेजारीच होता. तो म्हणाला, “हिचं बरोबर आहे.”

हे तुला लिहावं की नाही कळत नव्हतं. तू आलीस हेच आमच्यासाठी पुष्कळ झालं, मी तुझ्याकडे आणखी काही मागत नाही. पण दहा वर्षांच्या मुलीने जे नेमकं शब्दांत पकडलं, ते मी तुझ्यापासून लपवलं, तर आमच्या सगळ्या वर्षाला काय अर्थ राहिला?

बाकी ठीक. जूनचं भूषणने तिच्यावर सोपवलं आहे. म्हणाला, ती लिहायला लागली, माझी अट संपली, आता शाळेत जायचं की घरी राहायचं हे तिने सांगावं. ती म्हणते, विचार करते. गावातल्या आणखी दोन मुली आता रविवारी दुपारी निंबाखाली येतात, कवितांना पास-नापास करायला. एकीची आई विचारत होती, याची परीक्षा कधी असते म्हणून.

चारू


दीपनगर
१७ मार्च २०२५

चि. भाविका,

हे पत्र तुला आहे. आईला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

तू म्हणालीस ते तुझ्या आईने मला कळवलं. मला दीड महिना लागला. आधी वाटलं, आता काय उपयोग. मग वाटलं, मुलं विसरली असतील. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

तुझा वर्ग आता पाचवीत आहे. मी त्यांना शिकवत नाही. त्यांच्या बाईंकडून आज मी एक तास मागून घेतला. उभी राहिले आणि सांगितलं की चौथीत असताना मी तुमच्यासमोर भाविकाचा निबंध वाचून दाखवला होता. तो वाईट म्हणून वाचला होता. तो वाईट नव्हता. त्या वर्गातला तो एकच निबंध होता ज्यात खरी सकाळ होती. बाकीच्या सगळ्यांत मी होते. माझं चुकलं, आणि मी ते तुमच्यासमोर केलं म्हणून तुमच्यासमोर सांगते.

मला वाटलं, झालं. तेवढ्यात तुझ्या बाकावर बसायची ती किरण उभी राहिली. म्हणाली, “मॅडम, आम्हाला तेव्हा हसायचं नव्हतं. तुम्ही वाचताना हसलात, म्हणून आम्ही हसलो.”

भाविका, मी हसले होते हे मला आठवत नव्हतं. दीड वर्ष मला वाटत होतं की मुलं हसली आणि मी त्यांना थांबवलं नाही. सुरुवात माझी होती. हे तुला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं. मी खुर्चीवर बसले. मग किरणला म्हटलं, बरं झालं सांगितलंस. ते मी मनापासून म्हटलं.

तास संपायला पंचवीस मिनिटं होती. मी फळ्यावर ‘सकाळ’ लिहिलं आणि मुद्दे दिले नाहीत. दहा मिनिटं कोणी लिहीना. मॅडम पहिली ओळ सांगा ना, असं चहूकडून चाललं होतं. पहिली ओळ माझ्या जिभेवर होती, तुला माहीतच आहे कोणती. मी ती गिळली. तीस वर्षं मी या मुलांकडून कोंबडा आरवून घेतला, आणि त्यांच्यातल्या एकाच्याही क्वार्टरमध्ये कोंबडा नाही.

मग एकेक मान खाली गेली. एका मुलाने लिहिलं ते तुला सांगते, त्याला विचारून सांगते आहे. ‘माझे पप्पा रात्रपाळी करून येतात आणि झोपतात. म्हणून आमच्या घरी सकाळ हळू आवाजात होते. आम्ही ताटंसुद्धा हळू ठेवतो.’ मी हे मोठ्याने वाचलं. कोणी हसलं नाही. चार-पाच जण म्हणाले, आमच्याकडे पण. आमच्याही घरी तीच सकाळ आहे, तुझे काका झोपलेले असतात. मी इतकी वर्षं ती कधी लिहिली नाही.

बेचाळीस वह्या घरी आणल्या आहेत. तपासलेल्या नाहीत. नुसत्या वाचते आहे. चुका पुष्कळ आहेत आणि त्या कधीतरी सांगाव्या लागतील, शुद्ध लिहायला शिकायचंच आहे, त्यात मी तुझ्या आईसारखी ढिली होणार नाही. पण ते नंतर. आधी पूर्ण वाचून झाल्यावर.

तू मला काही उत्तर द्यावंस असं नाही. तू शाळेत यावंस असंही मी म्हणत नाही. तुझं निंबाखालचं चांगलं चाललं आहे, मी पाहून आले. मे महिन्यात तुझे काका आणि मी दोघं चार दिवस येऊ म्हणतो. आजीला सांग, मला हल्ली तिखट सोसत नाही.

तास संपल्यावर किरण मागे थांबली आणि तिने तुझा पत्ता मागितला. मी म्हटलं, लिहून दे, मी माझ्या पत्रासोबत पाठवते. ते पाकीट यात घातलं आहे. तिने तिथेच बसून लिहिलं, पाकीट जिभेने ओलं करून स्वतः चिकटवलं आणि मग माझ्या हातात दिलं. मी ते उघडलेलं नाही.

तुझी मावशी
कोकिळा